अलास्का क्रूझ: बंदरं, हिमनद्या आणि रात्रीची जेवणं यांचा मेळ कसा घालायचा

प्रश्न असा आहे. मुलगा-सून सिॲटलला नोकरीला आहेत. भुसावळहून आई-वडील, धुळ्याहून सासू-सासरे आणि जळगावचं शेजारचं जैन दांपत्य जूनमध्ये तिकडे जाणार. सात वर्षांचा नातू धरून नऊ जण. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सिॲटलहून सुटणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ ठरली आहे. कंपनीने जेवणाचे तीन पर्याय दिलेत: साडेपाचची पहिली पंगत, पावणेआठची दुसरी पंगत, किंवा रोज आपल्या सोयीची वेळ. घरी सगळ्यांना साडेआठ-नऊला जेवायची सवय. कोणता पर्याय घ्यावा, वेगळे पैसे भरून खायच्या रेस्टॉरंटचं बुकिंग कुठल्या दिवशी करावं, आणि जेवायला बसलो म्हणून काही पाहायचं राहून गेलं असं होऊ नये म्हणून काय करावं?

आधी निर्णय सांगतो. ‘रोज सोयीची वेळ’ घ्या, पण ती सोयीवर सोडू नका. सातही दिवसांच्या वेळा घरूनच बुक करून टाका. तो पर्याय भरला असेल तर दुसरी पंगत घ्या. पहिली पंगत या मार्गावर घेऊ नका, मग कोणी कितीही सांगो की म्हाताऱ्या माणसांना लवकर जेवण बरं.

आता कारण. तुमचा मार्ग असा आहे: पहिल्या दिवशी दुपारी ४ ला सिॲटल सोडायचं, दुसरा दिवस समुद्रात. तिसऱ्या दिवशी जुनो, दुपारी १ ते रात्री १०. चौथा दिवस ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत. पाचव्या दिवशी सिटका, सकाळी ८ ते दुपारी ४. सहाव्या दिवशी केचिकान, सकाळी ७ ते दुपारी १. सातव्या दिवशी कॅनडातलं व्हिक्टोरिया, रात्री ८ ते १२. आठव्या दिवशी सकाळी ७ ला परत सिॲटल.

एका कागदावर प्रत्येक दिवसापुढे चार वेळा लिहा: जहाज धक्क्याला लागण्याची, सगळ्यांनी परत चढण्याची (बहुधा सुटण्याच्या अर्धा तास आधी), सूर्यास्ताची, आणि डेकवर उभं राहण्यासारखा देखावा असण्याची. मुख्य भोजनगृहात चार टप्प्यांचं जेवण दीड ते दोन तास चालतं. तेवढा सलग तुकडा कुठे मोकळा आहे ते पाहा आणि जेवण तिथे बसवा. बहुतेक लोक उलटं करतात, जेवणाची वेळ आधी ठरवतात आणि उरलेल्यात अलास्का बसवतात. हा कागद भरला की दिसतं की साडेपाचची पंगत तिसऱ्या दिवशी हमखास आणि चौथ्या दिवशी बहुतेक वाया जाते. पावणेआठची फक्त सातव्या दिवशी आड येते.

सूर्यास्ताचा रकाना आपल्याकडच्या माणसाला चकवतो. जूनच्या शेवटी जुनोत सूर्य रात्री दहानंतर मावळतो, सिॲटल-व्हिक्टोरियाला सव्वानऊच्या आसपास. म्हणजे आठ ते साडेनऊ जेवूनही उजेड शिल्लक राहतो. हीच सहल सप्टेंबरच्या मध्यात केली तर जुनोत सातच्या सुमाराला सूर्यास्त होतो आणि सगळं गणित फिरतं. तेव्हा पहिली पंगतही सोसवते, कारण जेवून बाहेर येईपर्यंत पाहण्यासारखं फारसं उरतच नाही. नातेवाइकांनी सप्टेंबरमध्ये केलेल्या सहलीचा सल्ला जूनला लावू नका.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी चढल्याबरोबर लोक वरच्या डेकवरच्या बुफेवर तुटून पडतात आणि दुपारी दोन-अडीचला भरपेट जेवतात. त्या दिवशी रात्रीचं जेवण साडेसात-आठला ठेवा. जहाज सुटल्यावर प्युजेट साउंडमधून उत्तरेला जातं. हवा स्वच्छ असेल तर मागे माउंट रेनियर आणि डाव्या हाताला ऑलिंपिक पर्वतरांग दिसते. साडेचार ते सातची ही वेळ जेवणात घालवण्यासारखी नाही. चढल्या चढल्या एक काम मात्र करा: भोजनगृहाच्या मुख्य व्यवस्थापकाला प्रत्यक्ष भेटा. काय बोलायचं ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी जहाज व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून जातं. व्हँकुव्हरहून सुटणाऱ्या क्रूझ बेटाच्या आतल्या शांत पाण्यातून जातात. सिॲटलच्या क्रूझला ती सोय नसते. या दिवशी जहाज डुलतं. भोजनगृह बहुतेक जहाजांवर मागच्या टोकाला असतं आणि टोकाला हेलकावा जास्त लागतो. ज्यांना एस.टी.त कन्नड घाटात मळमळतं त्यांनी त्या दिवशी जहाजाच्या मध्याकडचं, खालच्या मजल्यावरचं टेबल मागावं, तळलेलं टाळावं आणि पोट अगदी रिकामंही ठेवू नये. वेगळ्या पैशांचं रेस्टॉरंट या रात्री बुक करू नका. दोन कारणं. अर्धी मंडळी पान टाकून खोलीत जाऊन झोपू शकतात, आणि समुद्रातला पहिला दिवस बहुधा नटूनथटून जेवायचा असतो, तेव्हा मुख्य भोजनगृहातला मेनूच एरवीपेक्षा चांगला असतो. साडी आणि जोधपुरी कोट या रात्रीला अगदी शोभतात.

दुसऱ्या रात्री घड्याळ साधारणपणे एक तास मागे जातं, कारण अलास्का सिॲटलच्या एक तास मागे आहे. फोन कुठल्या टॉवरची वेळ उचलेल याचा भरवसा नाही. एकाच्या मनगटावर साधं घड्याळ ठेवा, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि नऊही जणांनी तेच प्रमाण माना. इन्सुलिन किंवा वेळेच्या गोळ्या घेणारे असतील तर हा एक तास आणि जेवणाच्या बदलत्या वेळा डॉक्टरांना निघण्याआधीच दाखवा.

जुनो: पैसे खर्च करायची रात्र हीच

दुपारी १ ते रात्री १० जहाज धक्क्याला बांधलेलं असतं. बांधलेलं जहाज हलत नाही. शिवाय निम्मे प्रवासी गावात फिरत असतात, म्हणून खास, म्हणजे वेगळ्या पैशांच्या, रेस्टॉरंटमध्ये खिडकीजवळची टेबलं मिळतात आणि वाढपी घाईत नसतात. खिडकीतून गावामागचे उभे डोंगर दिसतात. आठवड्यातली सगळ्यात निवांत जेवणाची संध्याकाळ ही आहे, आणि बहुतेक लोक नेमकी तीच समुद्रातल्या दिवसासाठी सोडून देतात.

मात्र फेरफटका त्या मापाने निवडा. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून साधारण २० किमी आहे, आणि देवमासे पाहायच्या बोटी ऑक बे इथून सुटतात. दोन्ही एकत्र केलं तर पाच-सहा तास जातात आणि परतायला सात वाजतात. सोबत चार ज्येष्ठ आणि एक लहान मूल असताना एकच निवडा, साडेपाचपर्यंत जहाजावर या, तासभर पाय मोकळे करा आणि सव्वासातचं बुकिंग ठेवा. दोन्ही करायचेच असतील तर आठच्या आधीची वेळ घेऊ नका. अनेक कंपन्या न येणाऱ्यांकडून पैसे कापतात.

साडेनऊला जेवण आटोपून वर डेकवर जा. दहाला जहाज सुटतं आणि गॅस्टिनो चॅनेलच्या चिंचोळ्या पाण्यातून, दोन्ही बाजूंना डोंगर घेऊन बाहेर पडतं. तेव्हा सूर्य जेमतेम मावळलेला असतो आणि उजेड बराच वेळ रेंगाळतो. डेकवर वारा बोचरा असतो, जेवायला जातानाच जाकीट बरोबर न्या. खोलीत आणायला गेलं की वीस मिनिटं जातात आणि नातू झोपून जातो.

जुनोत गावात जेवावं का? खेकडा खाणारे असतील तर त्यांनी दुपारीच किंग क्रॅब चाखून घ्यावा. शाकाहारी-मांसाहारी मिसळीच्या घोळक्याला संध्याकाळी गावात टेबल शोधणं जिकिरीचं आहे.

ग्लेशियर बे: इथे दुपारचं जेवण सांभाळायचं

या दिवशी जहाज धक्क्याला लागत नाही. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर येतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत परवानगी असते. खाडीच्या तोंडापासून मार्जरी हिमनदीपर्यंत साधारण १०५ किमी आहे. १७९४ च्या सुमाराला बर्फ अगदी तोंडापर्यंत होता, पुढे तो मागे सरकत गेला. आज जहाज जिथून जातं तिथे तेव्हा हिमनदी होती. मार्जरीची पाण्यावरची भिंत सुमारे ७५ मीटर उंच आणि दीड किलोमीटरहून जास्त रुंद आहे.

जेवणाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की आत जातानाचा पहिला पट्टा रुंद आहे, शेवटचा अरुंद आणि सगळ्यात देखणा. जहाज मार्जरीसमोर तासभर थांबतं, आणि बऱ्याचदा तीच वेळ अकरा ते एकच्या दरम्यान येते. म्हणजे बुफे उघडायची आणि हिमनदी कोसळायची वेळ एकच. म्हणून नाश्ता साडेसातला दणकून करा, हिमनदीसमोर असताना जेवणाचा विचारच करू नका आणि दोनला जेवा. नातवासाठी केळं आणि ब्रेड-बटर खोलीत आधीच आणून ठेवा. जहाज तिथे जागेवर हळूहळू फिरतं, दोन्ही बाजूंना दर्शन घडतं, तेव्हा कठड्यासाठी धक्काबुक्की करायची गरज नाही.

काही जहाजांवर डेकवर गरम वाटाण्याचं सूप वाटतात. थंडीत हात आपोआप पुढे जातो. त्या सुपात पारंपरिक पद्धतीने डुकराचं मांस घालतात. शाकाहाऱ्यांनी विचारल्याशिवाय वाटी उचलू नये.

परतताना जहाज खाडीच्या तोंडाशी दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी येतं. समोरच आइसी स्ट्रेट या सामुद्रधुनीतलं पॉइंट ॲडॉल्फस, उन्हाळ्यात हंपबॅक (कुबडवाल्या) देवमाशांची चरायची जागा. पहिल्या पंगतीतले लोक यावेळी पहिल्या टप्प्याचं सूप पीत असतात. तुम्ही डेकवर असा. जेवण पावणेआठला. पुढे क्रॉस साउंडमधून जहाज उघड्या समुद्राकडे निघतं आणि थोडं डुलू लागतं, म्हणून या रात्री हलकं खा.

सिटका, केचिकान

सिटकाहून चारला निघताना माउंट एजकम्ब ज्वालामुखी दिसतो. साडेपाचपर्यंत बाहेर थांबा, मग सातला जेवा. केचिकानला सकाळी सातपासून हाताशी फक्त साडेपाच तास असतात आणि पाऊस गृहीत धरायचा: तिथे वर्षाला साधारण ३,८०० मिमी पडतो, आपल्या जळगावात ७०० च्या आसपास. साडेबाराला सगळे भिजून एकदम चढतात आणि बुफेवर झुंबड उडते. भोजनगृह दुपारी उघडं असेल तर तिथे जा, नाहीतर कपडे बदलून दीडनंतर. संध्याकाळ मोकळी आहे. जुनोचं बुकिंग नाही मिळालं तर खास रेस्टॉरंटसाठी ही दुसरी पसंती. या रात्री घड्याळ एक तास पुढे जातं.

व्हिक्टोरिया: इथे लवकर जेवायलाच हवं

आठला जहाज लागणार, पावणेआठची पंगत साडेनऊला उठणार, मग गाव कधी पाहणार? या एका दिवशी साडेपाचला जेवा. दुसरी पंगत घेतली असेल तर व्यवस्थापकाला दोन दिवस आधी सांगा, त्या दिवसापुरती पहिल्या पंगतीत जागा बहुधा मिळते. नाही मिळाली तर सरळ बुफे. पण लक्षात घ्या, घड्याळ आदल्या रात्री पुढे गेलेलं असतं, त्यामुळे साडेपाच म्हणजे पोटाच्या हिशेबाने साडेचार. दुपारचं जेवण साडेअकराला उरका आणि चारचा चहा-केक टाळा.

त्या संध्याकाळी जहाज हुआन दे फुका सामुद्रधुनीतून पूर्वेकडे जातं, म्हणजे ऑलिंपिक पर्वत उजव्या हाताला येतात. टेबल मागताना ‘खिडकी द्या’ एवढंच न म्हणता ‘उजवी खिडकी द्या’ म्हणा.

बंदरापासून इनर हार्बर सुमारे दोन किलोमीटर. अंधारल्यावर तिथल्या विधानभवनाची रोषणाई लागते. बुचार्ट गार्डन्स वीसेक किलोमीटरवर आहेत, तिकडे जायचं तर आठ-सव्वाआठला खाली उतरलंच पाहिजे. मोठं सामान जेवणाआधीच भरून ठेवा, ते रात्री खोलीबाहेर ठेवायचं असतं. आणि एक जेवणाबाहेरची गोष्ट: भारतीय पासपोर्टवाल्यांना या थांब्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, खाली उतरणार नसलात तरी. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून हे राहून जातं आणि सिॲटलच्या धक्क्यावरच अडवलं जातं.

नऊ जणांचं टेबल

खिडकीजवळची टेबलं दोघा-चौघांची असतात. नऊ जणांना मधलं गोल टेबल मिळतं आणि तिथून समुद्र नावालाच दिसतो. खिडकी हवी असेल तर नातू धरून पाच आणि चार अशी शेजारशेजारची दोन टेबलं मागा. रात्री साडेआठनंतर पश्चिमेकडच्या खिडकीत सूर्य थेट डोळ्यात येतो आणि कर्मचारी पडदे ओढतात, म्हणून उत्तरेकडे जाताना डावी बाजू संध्याकाळी फसवी ठरते. वेळ वाचवायचा असेल तर बसतानाच सांगा की सव्वा तासात उठायचंय, सूप आणि मुख्य पदार्थ एकदम सांगतो, मुलाचं ताट आधी आणा. गोड वर बुफेवर जाऊन खाता येतं.

‘सोयीची वेळ’ या पर्यायात खरी उणीव एकच: रोज वाढपी बदलतो, त्यामुळे पथ्य रोज नव्याने सांगावं लागतं. म्हणून पहिल्या दिवशी व्यवस्थापकाला भेटून रोज त्याच भागात, त्याच वाढप्याकडे बसवायची विनंती करा.

शाकाहार आणि जैन जेवण

बुकिंग करतानाच कंपनीला लेखी कळवा, प्रवासाच्या दोन महिने आधी तरी. नुसतं ‘शाकाहारी’ लिहिलं तर अंडं चालतं असं धरतात. जैन दांपत्यासाठी इंग्रजीत चार ओळींचा कागद करा: कांदा-लसूण नाही, बटाटा, गाजर, मुळा, बीट असं जमिनीखालचं काही नाही, अंडं, मासे, मांस आणि त्यांचं उकळलेलं पाणीही नाही, दूध, दही, तूप, पनीर चालतं. याच्या सहा प्रती न्या. रोज रात्री मुख्य वाढपी दुसऱ्या दिवशीचा मेनू दाखवतो, त्यावर तेव्हाच खुणा करा. आयत्या वेळी सांगितलं की उकडलेला फ्लॉवर आणि भात पुढे येतो, कारण कांदा-लसणाशिवायची ग्रेव्ही तासभरात होत नाही.

लपलेले घटक ओळखा. भाजीचं सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासा असतो. परमेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. मूस आणि पन्नाकोटात जिलेटिन असतं. बटाट्याचे काप बऱ्याचदा मासे तळलेल्याच तेलात तळतात. यामुळे खास रेस्टॉरंट निवडताना स्टेकहाउस सोडून द्या, पूर्ण पैसे भरून शाकाहाऱ्याला उकडलेल्या भाज्या मिळतात. आशियाई स्वयंपाकात फिश सॉस मुरलेला असतो. इटालियन बरं, पण चीजचं विचारून.

चौविहार पाळणाऱ्यांना, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाणाऱ्या-पिणाऱ्यांना, जूनचा अलास्का फार सोयीचा आहे. पावणेआठला जेवलं तरी सूर्य वर असतो. मुंबईहून डिसेंबरमध्ये गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझवर मात्र याच मंडळींची पंचाईत होते: सूर्यास्त सहाच्या सुमाराला आणि रात्रीचं जेवण बहुधा सातनंतर. तिथे चढतानाच पाचला वेगळं ताट मिळेल का ते ठरवून घ्यावं लागतं, आणि दक्षिणेकडे जाताना सूर्यास्त उजव्या बाजूला होतो हेही ध्यानात ठेवावं.

चवीसाठी शेंगदाण्याची चटणी, केळीचे वेफर्स न्या, पण कारखान्यात सीलबंद केलेलीच पाकिटं. घरच्या बट्ट्या, ठेचा, भरीत चढू देत नाहीत. इलेक्ट्रिक किटली, छोटा कुकर, पाणी तापवायची कांडी तपासणीत काढून घेतात. तसंच जहाजावरचं केळं किंवा सँडविच पिशवीत घालून बंदरावर उतरू नका. सीलबंद बिस्किटं तेवढी न्या.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: जुनोचं खास रेस्टॉरंट सगळ्यात आधी, मग व्हिक्टोरियाच्या दिवसाची साडेपाचची वेळ, मग ग्लेशियर बेची पावणेआठ. बाकीचे चार दिवस मागून भरले तरी चालतात. चढल्यावर रोज रात्री खोलीत येणारं दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक वाचा. हवामानामुळे बंदराच्या वेळा बदलतात, आणि जुनोची वेळ दोन तासांनी पुढे-मागे झाली तर त्याच रात्री भोजनगृहाच्या टेबलाशी जाऊन बुकिंग हलवून घ्या. सकाळपर्यंत थांबलात तर नऊ जणांची जागा मिळणं अवघड.